लेथगल्लीचा हेळवी

पुण्याच्या कंपनीनं त्या यंत्राला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं, पण कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथगल्लीत ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. इलाही मुल्लाणीनं पहिल्याच दिवशी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "ह्यो तर आपला हेळवी! सुगी झाली की बैल घिऊन दारात येतोय, आन तुझा खापरपणजा कोण, त्येची बायकू कुठल्या गावची, सगळं घडाघडा सांगतोय. ह्योबी पिसाचं कूळ सांगणार म्हंतीस. मग ह्येला दुसरं काय म्हणायचं?" गल्ली हसली आणि यंत्राचं बारसं झालं.

यंत्र गल्लीत आणलं होतं हर्षदा मगदूमनं. गल्लीतल्याच भूपाल मगदुमांची, म्हणजे आप्पांची, ही एकुलती एक लेक. इंजिनिअर झाली, पुण्याच्या प्राणदा मेडिकल सिस्टिम्समध्ये खरेदी विभागात लागली आणि नोकरी सांभाळून पुरवठा साखळी व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करू लागली. आप्पांनी उभा जन्म त्या साखळीची शेवटची कडी होण्यात घालवला होता, पण साखळीचं शिक्षण असतं आणि त्याची डिग्री मिळते, हे त्यांना पोरीमुळेच समजलं. "म्हंजे माल येळंवर पोचवायचा, हेच न्हवं?" त्यांनी विचारलं होतं. "हेच, पण चार सेमिस्टर," ती म्हणाली होती.

हेळव्यामागचं विज्ञान तसं साधं. लेथवर धातूचा तुकडा, गल्लीच्या बोलीत पीस, फिरतो आणि हत्यार त्याला कापत सरकतं. कापलेला भाग डोळ्याला आरशासारखा दिसतो, पण हजारपटीनं मोठा केला की त्यावर नांगरटीसारख्या सऱ्या दिसतात. दोन लेथांच्या सऱ्या कधी सारख्या नसतात. कुठं बेअरिंगमधली एखादी गोळी झिजलेली असते, कुठं पट्टा दर फेऱ्याला किंचित घसरतो, आणि असल्या प्रत्येक खोडीची थरथर हत्यारातून धातूत उतरते. झाडलेल्या गोळीवरून बंदूक ओळखतात, त्यातलाच हा प्रकार. गल्लीतली सगळी लेथं जुनी, हातानं चालवायची. त्यामुळे हँडल धरणाऱ्या माणसाची ओढही पिसावर उमटायची. कुणी मध्येच दम खातो, कुणी शेवटाला जोर लावतो. हेळवी पिसावर लेसर टाकायचा, परत फिरलेल्या उजेडातून त्या सऱ्या वाचायचा आणि सांगायचा, अमक्या लेथवर, अमक्या हातानं. पुढं तर मोबाइलला एक भिंग लावलं तरी काम भागू लागलं. पीस राज्यात कुठल्याही दवाखान्यात असो, त्याचं माहेर आता लपणार नव्हतं.

त्यासाठी आधी प्रत्येक लेथचा एकेक पीस नोंदवून ठेवावा लागे. परक्या माणसाला गल्लीनं दारात उभं केलं नसतं. हर्षदा पडली घरची. ती खंडेनवमीला आली. त्या दिवशी गल्लीतली लेथं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून बसवलेली असतात. पूजा झाली की प्रत्येक लेथवर नवं हत्यार लावून एक पीस काढायचा आणि तो देवापुढं ठेवायचा, अशी तिथली रीत. हर्षदानं ते पूजेचे पीस मागून घेतले. सगळ्यांनी कौतुकानं दिले. तिनं ते नोंदवले, प्रबंध लिहिला, पहिला नंबर काढला. प्राणदानं तिची पद्धत जशीच्या तशी उचलली आणि लेथगल्लीला दवाखान्याच्या सामानाची ऑर्डर मिळाली. सगळ्यात मोठी इलाहीला, कारण तपासणीत त्याचं लेथ सगळ्यात सरस ठरलं होतं.

एक गोष्ट तिनं प्रबंधात लिहिली नव्हती. लेथगल्लीत हातउसनं चालायचं. पैशांचं नव्हे, पिसांचं. एखाद्याचं लेथ बंद पडलं, घरात मयत झाली, लग्न निघालं, तर शेजारी आपल्या लेथवर त्याचे पीस काढून द्यायचा आणि माल मूळ मालकाच्या नावानंच जायचा. पुढं कधीतरी तो फेडायचा. हे कुणी कुठं लिहून ठेवत नसे आणि कुणी बुडवतही नसे. पुस्तकात याला धडा नव्हता. आपली गल्ली पुण्याच्या मास्तरांना गबाळी दिसू नये, एवढ्यासाठी हर्षदानं तो विषयच टाळला.

*

ऑगस्टमध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात ऑक्सिजनच्या सिलिंडरवरचा रेग्युलेटर पेटला. खाटेवरचे आजोबा गेले.

"रेग्युलेटर आपला आहे," गुणवत्ता विभागाचे प्रमुख सुधन्वा करंदीकर फोनवर म्हणाले. "आतला पितळी व्हॉल्व्ह मुल्लाणींच्या जानेवारीच्या लॉटमधला. हर्षदा, असे सहा हजार लागलेत राज्यभर."

कारण तासाभरात समजलं. लेथ थरथरत असलं की आटे साफ पडत नाहीत, कडेला पितळेचं कुसळ राहतं. एरवी त्यानं काही बिघडत नाही. पण शुद्ध ऑक्सिजन जोरानं वाहतो तिथं ते कुसळ सुटून आतल्या प्लॅस्टिकवर आदळलं की ठिणगी पडते, आणि शुद्ध ऑक्सिजनमध्ये लोखंडसुद्धा कापरासारखं जळतं. कुसळ आत दडलेलं, बाहेरून दिसणार नाही. बाहेरून फक्त तोंडाकडचे आटे दिसत होते आणि ते हेळव्याला वाचता येत होते.

"सगळे सहा हजार काढून घ्या," हर्षदा म्हणाली.

"आणि त्यांच्या जागी काय लावू? अर्धे बदलण्यापुरता साठा आहे. सगळे काढले तर ऑक्सिजनवाचून माणसं मरतील. तुमचा हेळवी कशासाठी आहे? वाईट कोणते, ते सांगू दे त्याला."

दवाखान्यांतून फोटो येऊ लागले. हेळव्यानं वाचून उत्तर दिलं. सहा हजार पिसांचे दोन कळप पडत होते, निम्मे निम्मे. म्हणजे लेथं दोन होती आणि हात दोन होते. कागदावर मात्र एकटं इलाहीचं लेथ. कुठला कळप कुणाचा, याचं उत्तर यंत्राकडं नव्हतं. दोन्हींपुढं एकच ओळ येत होती, ओळख पटत नाही.

ओळख पटणार कशी? तिनं नोंदवले होते पूजेचे पीस. नवं हत्यार, ताजं तेल, घासूनपुसून बसवलेलं लेथ आणि देवाच्या कामाला लावलेला हात. लग्नातल्या फोटोवरून माणसाला रोजच्या कामात ओळखायला जावं, तसं झालं होतं. सुरुवातीचे महिने फरक थोडा होता, यंत्रानं सांभाळून घेतलं. जानेवारीपर्यंत लेथांनी आपला रोजचा चेहरा धारण केला आणि हेळवी आंधळा झाला. आजचे पीस घेऊनही भागणार नव्हतं, कारण तेव्हापासून सगळ्यांची हत्यारं बदलली, बेअरिंगं बदलली. त्याच दिवसांतला, आणि ज्याचा जन्म कुणीतरी छातीठोकपणे सांगेल असा, एक तरी पीस हवा होता. आणि पेटलेल्या पिसाचा तर वितळून गोळा झाला होता.

पुण्यात कुणाला काही सांगायच्या आत तिनं कोल्हापूरची बस पकडली.

*

"सगळं माझ्याच लेथवर झालंय," इलाही म्हणाला. त्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तुझ्या हेळव्याला चाळशी लाव."

"चाचा, दोन हात दिसतायत. जानेवारीत तुम्ही किती दिवस इथं नव्हता?"

"हमीदाचं आपरेशन हुतं. तीन आठवडं मिरजेला ये-जा करत हुतो. रातचं काम केलं."

"तीन आठवडे रोज ये-जा करून तीन हजार पीस काढलेत?"

"काढले. आता जा पोरी, तुझी आई वाट बघत असंल."

इलाही खोटं बोलत होता, आणि खोटं बोलताना त्याचा चेहरा पडला होता. ती गल्लीतलं प्रत्येक दार फिरली. कुणी म्हणालं, आम्हाला काय ठावं. कुणी म्हणालं, चहा घे. ज्या माणसांनी तिला अंगाखांद्यावर खेळवलं, ती सगळी तिच्यापुढं तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. मंजूर नसलेल्या लेथवर दवाखान्याचं काम झालं म्हणजे करार मोडला. नाव फुटलं की ज्यानं उसनं दिलं तो जाणार, ज्यानं घेतलं तो जाणार, आणि बहुतेक सगळी गल्लीच जाणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

एका दारात मात्र तिनं प्रश्न विचारला नाही. स्वतःच्या.

आप्पा तिच्यासमोर भाकरी मोडून बसले होते. आईनं दोडक्याची भाजी केली होती. दोघांनी मान खाली घालून जेवण उरकलं. विचारलं असतं तर आप्पांनी लेकीला खोटं सांगितलं नसतं, याची तिला खात्री होती, आणि म्हणूनच तिचं धाडस होईना. आप्पांनाही बहुधा ते कळत होतं. हात धुताना ते एवढंच म्हणाले, "इलाहीला तरास दिऊ नगंस. त्येचं घर त्या एका ऑर्डरीवर हाय."

दुपारी करंदीकरांचा फोन आला. दुसरा रेग्युलेटर पेटला होता, सांगलीच्या रस्त्यावर, धावत्या अँब्युलन्समध्ये. आत बाळंतीण होती. बाळ वाचलं, ती गेली.

"हर्षदा, तुम्हाला काही माहीत आहे आणि तुम्ही ते सांगत नाही आहात," करंदीकर म्हणाले. "मी तुम्हाला हात जोडतो."

ती आप्पांच्या वर्कशॉपच्या दारातच खाली बसली. फोन स्पीकरवर होता. आप्पांनी ऐकलं, समोर उभ्या असलेल्या इलाहीनं ऐकलं, आणि गल्लीही एकेक करत दारात आली. लेथं बंद झाली. तरी कुणी तोंड उघडेना. आप्पा बोलले तर इलाही बुडणार होता, आणि इलाही बोलला तर आप्पा. तीस वर्षं एकमेकांना सांभाळलेली ही माणसं आताही एकमेकांनाच सांभाळत होती, आणि तिकडं माणसं जळत होती. हर्षदाला वाटलं, ओरडावं, यांना गदागदा हलवावं.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून काठी टेकत हमीदाचाची आली. ऑपरेशननंतर ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. चालताना तिला धाप लागत होती.

"बाळंतीण हुती म्हनं," ती म्हणाली.

"हमीदा, घरात जा," इलाही म्हणाला.

"मिरजंत धा दिस त्या नळीवर जगले मी. माझ्या नाकाला हुतं ते, तुमच्या न्हवं." तिनं काठी उलटी केली. काठीच्या मुठीला पितळेचं, आट्यांनी घट्ट बसवलेलं टोपण होतं. ते तिनं फिरवून काढलं आणि हर्षदाच्या ओंजळीत ठेवलं. "तुझ्या आप्पांनी करून दिलंय. मी दवाखान्यात हुते, तवाच. म्हनले, वैनी, घरी आलीस की चालायला लागंल. बघ तुझ्या हेळव्याला दावून."

हर्षदानं भिंग लावलं. फोटो काढला. उत्तर यायला वेळ लागला नाही. दुसरा कळप, लेथ तेच, हात तोच.

"बेअरिंग गुणगुणत हुतं," आप्पा म्हणाले. ते लेकीकडं बघत नव्हते, हमीदाकडं बघत होते. "म्हटलं, एवढ्यानं काय हुतंय. ह्येची बायकू तिकडं पडल्याली, ह्येचं काम थांबाय नगं. पाडव्याला बदललं मग. मला काय म्हाईत, त्या कुसळानं... मला काय म्हाईत गं पोरी?"

त्या माणसानं आयुष्यात मुंगी मारली नव्हती, चातुर्मासात कांदा खाल्ला नव्हता. हर्षदाला त्यांना मिठी मारायची होती. तिनं करंदीकरांना फोन लावला आणि लेथचा क्रमांक सांगितला. चालवणाऱ्याचं नाव विचारल्यावर बापाचं नाव सांगितलं.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो कळप राज्यातल्या सगळ्या दवाखान्यांतून निघाला. तिसरा रेग्युलेटर पेटला नाही. वर्तमानपत्रांनी हेळव्याचे गोडवे गायले. दोन माणसं गेल्यावर ओळखणाऱ्या यंत्राचे कसले गोडवे, असं हर्षदाला वाटलं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

गल्ली बंद पडेल असं सगळे धरून चालले होते. ती पडली नाही. आप्पांची चौकशी झाली, दंड झाला, आणि हेतू वाईट नव्हता म्हणून सुटका झाली. प्राणदाला नवे पुरवठादार शोधायला दोन वर्षं लागली असती, म्हणून करंदीकरांनी अट घातली. प्रत्येक लेथवर हेळव्याचा कायमचा डोळा बसेल. रोजच्या कामातल्या पिसांनी लेथ आणि हात दर आठवड्याला नव्यानं नोंदवले जातील. ज्याची ऑर्डर त्यानंच, स्वतःच्या लेथवर, स्वतःच्या हातानं पुरी करायची. दुसरा हात दिसला तर तो लॉट रद्द आणि तो माणूस कायमचा बाहेर. लॉट वेळेवर आला नाही तरीही बाहेर. देखरेखीला गल्लीतलंच माणूस हवं होतं. करंदीकरांनी हर्षदाला कोल्हापूरला पाठवलं.

नियम चुकीचा आहे असं तिला म्हणता येत नव्हतं. त्या बाळंतिणीचं नाव तिला पाठ होतं.

गल्लीचं बोलणं कमी झालं. पूर्वी एकाचं हत्यार तुटलं की दुसरा आपलं घेऊन धावायचा. आता लोक एकमेकांच्या उंबऱ्याबाहेर थांबून बोलत. उगाच हँडलला हात लागला तर? उसनं घेणं बंद झालं तसं उसनं मागायला जाणंही बंद झालं, आणि मागायला जाणं बंद झाल्यावर चहासुद्धा थांबला. आप्पा आणि इलाही मात्र संध्याकाळी कट्ट्यावर बसायचे, पण मध्ये एका माणसाची जागा सोडून.

थंडीत आप्पांना जिना चढताना दम लागू लागला. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी केली आणि म्हणाले, बायपास लगेच करा, आठवडा काढू नका. आप्पांनी अंगात सदरा चढवला आणि म्हणाले, "लॉट पुरा करतो आन येतो."

"आप्पा, लॉट जाऊ दे," हर्षदा म्हणाली.

"लॉट गेला की लेथ गेलं. आपरेशन झाल्यावर काय खाऊ? तुझ्या जिवावर बसू?"

"बसा की! बसलात तर काय होतंय?"

"माझ्यामुळं दोन माणसं मेली," आप्पा शांतपणे म्हणाले. "आता नेमातलं काम नेमानं करू दे मला."

त्याच दुपारी इलाही तिच्या ऑफिसात आला. ऑफिस कसलं, गल्लीच्या तोंडाची एक खोली, भिंतीवर प्रत्येक लेथचा पडदा. तो खुर्चीवर बसला नाही.

"पोरी, माझ्याकडं तुझ्या आप्पाचं तीन आठवड्यांचं उसनं हाय. माझा लॉट कालच गेलाय, लेथ मोकळं हाय. त्येचे राहिलेले पीस मी काढतो. त्येला आजच दवाखान्यात ने."

"चाचा, लगेच दिसेल."

"कुणाला दिसंल? तुलाच न्हवं? दोन दिस डोळं मीट."

"आणि तुमच्या लेथला काही झालं असेल तर? आप्पांनाही वाटलंच होतं, एवढ्यानं काय होतंय."

"माझं लेथ तूच तपास. तुझ्या म्होरं चालवतो." त्यानं टेबलावर दोन्ही हात टेकले. "फेडू दे गं. न्हाई फेडलं तर मी कुठल्या तोंडानं..."

तिनं पुण्याला फोन लावून परवानगी मागितली. करंदीकर वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन दिवसांपुरती नियमातून सूट वरच्यांकडं मागून बघतो म्हणून सांगितलं, आणि तासाभरानं उत्तर आलं की एकाला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. तिनं इलाहीला नाही म्हणून सांगितलं. जाताना त्यानं दार हळूच ओढून घेतलं, मयताच्या घरातून निघताना ओढतात तसं.

त्यानंतर आप्पांनी वर्कशॉपचं दार आतून लावून घेतलं. मध्ये कुणी यायला नको, कुणी मदत करायला नको, आणि पोरीची मान खाली जायला नको. आई डबा दारात ठेवायची. आतून लेथचा आवाज येत राहायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरचा पडदा लाल झाला. *लेथ ओळखले. हात अनोळखी.*

हर्षदानं मागची नोंद उघडली. मागच्या दहा पिसांवर तीच ओळ. लेथ आप्पांचं, हात भलताच. रात्री कधीतरी मागचं दार उघडून इलाही आत शिरला असेल, हे तिच्या लगेच डोक्यात आलं. नको म्हणून सांगितलं होतं, स्पष्ट सांगितलं होतं. तरी आपली रीत रेटायचीच! आता लॉट गेला, आप्पा गेले, इलाही गेला आणि मीही गेले. ती तरातरा इलाहीच्या दारात गेली.

"चाचा, कशाला केलंत? हात जोडून नको म्हटलं होतं ना?"

इलाही बादलीपाशी हमीदाचे कपडे पिळत होता. "काय केलं?"

"आप्पांच्या लेथवर तुमचा हात दिसतोय! खोटं बोलू नका. मागच्या वेळी बोललात, दोन जीव गेले."

तो शब्द तिच्या तोंडून निघाला आणि तिला तो परत घ्यावासा वाटला. इलाहीचा चेहरा पांढरा झाला. पण त्याला राग आला नाही.

"आईशप्पत, मी तिकडं फिरकलोबी न्हाई," तो म्हणाला. "आन माझा हात तर तुझा हेळवी वळखतोय की. त्यो अनोळखी कशापायी म्हणंल?"

खरंच होतं ते. गल्लीतले सगळे हात नोंदवलेले होते. इलाहीचा असता तर पडद्यावर इलाहीचं नाव आलं असतं.

"मग हात कुणाचा?" इलाहीनं विचारलं, आणि ते विचारता विचारताच हातातलं धुणं टाकून तो पळाला.

दार आतून बंदच होतं. मागचंही बंद. आत लेथ चालू होतं, पण हत्यार धातूला लागल्याचा आवाज नव्हता. इलाहीनं खांद्यानं कडी तोडली.

आप्पा लेथला पाठ टेकून खाली बसले होते. डावा हात छातीवर होता, उजवा मांडीवर पालथा पडला होता. शेजारी पिसांचा ट्रे, जवळजवळ भरलेला. हर्षदानं तो उजवा हात हातात घेतला. गार पडला होता. मनगटापर्यंत सूज आली होती आणि बोटं अर्धवट वळलेली होती, हँडल धरल्यासारखी. हा हात कधीपासून धड वळत नव्हता, त्यातली ताकद कधी संपत आली, हे धातूला कळलं होतं. हेळव्यालाही कळलं होतं आणि त्यानं खरं तेच सांगितलं होतं. तिला एकटीला कळलं नव्हतं. आणि तिच्याही मनात पहिल्यांदा चोरच आला, बाप आला नाही.

इलाहीनं लेथ बंद केलं. बाहेर गल्ली जमा झाली होती, कुणीतरी आईला धरून आणत होतं.

हर्षदाच्या खिशातला मोबाइल वाजला. तिनं सवयीनं काढला. पडद्यावर प्रश्न होता, नव्या हाताची नोंद करायची का?

"काय म्हंतोय?" इलाहीनं विचारलं.

तिनं वाचून दाखवलं. इलाही आप्पांच्या शेजारी जमिनीवर बसला, अगदी खेटून, मध्ये जागा न सोडता.

"त्येला सांग," तो म्हणाला, "भूपालचाच हाय म्हणून."